सोनं वितळतं की वितळतंच?

भट्टीवाला :
आमचं सोनाराचं दुकान, तिसरी पिढी. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसून तत्त्वज्ञानाचं काहीबाही वाचतो. घरचे हसतात. सध्या एका ठिकाणी अडकलोय.

दोन वाक्यं घ्या. एक किलोमीटर व्यासाचा सोन्याचा गोळा विश्वात कुठेही नाही. तेवढाच शुद्ध युरेनियम-२३५चा गोळाही कुठे नाही. दोन्ही खरी धरू. पण सोन्याचं नुसतं तसं झालंय. आजवर खणलेलं सगळं सोनं एकत्र ओतलं तरी साधारण २२ मीटर बाजूचा ठोकळा होईल, त्यामुळे गोळा कुणी केला नाही इतकंच. युरेनियमचा करूच शकत नाही. पन्नासेक किलोचा, म्हणजे साधारण १७ सेंटीमीटर व्यासाचा गोळा झाला की साखळी प्रक्रिया आवरत नाही. मग एक योगायोग आणि दुसरा नियम, हा फरक जगात नक्की कुठे असतो?

काल मुशीत चोख सोनं टाकलं होतं. १०६४ अंशांना पातळ होतं, हे मलाही ठाऊक आहे. वडील म्हणतात, "होणारच." तो 'च' सोन्यात आहे की वडिलांच्या तोंडात?

रविवारचा_वाचक :
सोन्यात आहे, असं ऑस्ट्रेलियाचे तत्त्वज्ञ डेव्हिड आर्मस्ट्राँग म्हणाले असते. ड्रेट्स्की आणि टूली यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं, आर्मस्ट्राँगनी १९८३ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. तुमची अंगठी, बाजूची लगड, अजून खाणीत पडलेलं सोनं, या सगळ्यांत सोनेपण एकच. नियम म्हणजे एकेका तुकड्याच्या हकिकतींची बेरीज नव्हे. सोनेपण आणि वितळणं या दोन सामान्यांमधलाच (सामान्य म्हणजे अनेक वस्तूंत एकच असणारा गुणधर्म) तो संबंध, पहिलं दुसऱ्याला भाग पाडतं. म्हणून न ओतलेल्या सोन्याबद्दलही खात्रीने बोलता येतं.

उगाच_शंका :
'भाग पाडतं' असं नाव ठेवलं की भाग पडतं का? अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसनी हाच टोला मारला होता : आर्मस्ट्राँग असं नाव असल्याने कुणाचे दंड बळकट होत नाहीत. सोनारापुढे काय सांगायचं, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

लुईसच्या मते जगात फक्त घडणं असतं. सगळं घडलेलं कमीत कमी शब्दांत आणि जास्तीत जास्त पकडणारी जी मांडणी, तिच्यात बसतात ते नियम. युरेनियमचं वाक्य त्या मांडणीतून आपोआप निघतं. सोन्याचं वेगळं लिहून ठेवावं लागतं, आणि त्याने फारसं काही कळत नाही.

तप्त_लोहगोल :
भट्टीवाले, तुमचा धातू नैयायिकांनीही, म्हणजे आपल्या न्याय दर्शनाच्या पंडितांनीही, तापवलाय. सामान्य म्हणजे नित्य, एक आणि अनेकांत राहणारं, ही व्याख्या त्यांच्या तर्कसंग्रह या ग्रंथात आहे. सोनं मात्र त्यांनी पृथ्वीत न घालता तेजात, म्हणजे अग्नीच्या तत्त्वात, घातलं. कारण? तूप पृथ्वीतत्त्वाचं, खूप तापवलं की जळून त्याचा पातळपणा संपतो. सोनं कितीही तापवा, पातळच राहतं.

आणि 'च'बद्दल तेच फार जपून बोलत. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. उलट बाजूने नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओलं इंधन लागतं. अशा लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. आधी उपाधी शोधायची, मग 'च' लावायचा.

भट्टीवाला :
तुपाचं वाचून मजा आली. पण सोनंही २८०० अंशांच्या पुढे उकळून वाफ होतं. त्यांच्या भट्टीला ते जमणारं नव्हतं, म्हणून 'कितीही' म्हणाले. तो 'च' भट्टीचा निघाला. माझ्या १०६४ लाही हवेच्या दाबाची अट आहेच, शिवाय २२ कॅरेट त्याआधीच ओघळतं.

तरी मी आर्मस्ट्राँगकडेच झुकतो. मांडणी सुटसुटीत आहे म्हणून मूस तापत नाही. 'भाग पाडतं' म्हणजे काय, हे मात्र मलाही सांगता येत नाही. लुईसचा टोला बसला.

वडिलांना ते तूप आणि सोनं वाचून दाखवलं. म्हणाले, "तुपाचं ठीक आहे. पण जुना दागिना वितळवला की घट येतेच, ते कुठे लिहिलंय?" मग गिऱ्हाईक आलं, त्याच घटीवरून वाद घालायला.