‘डेडलाइन आहे? डोळे मिटून फॉग!’ म्हणे

रांगेतला
कालच्या धाग्यावर एकांनी ठोकून दिलंय, "वेळेचं बंधन असेल तर फॉगच, क्लाउड लांब पडतो." (फॉग म्हणजे यंत्राजवळच ठेवलेला छोटा संगणक, क्लाउड म्हणजे दूरचं डेटा सेंटर.) राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा. लांब म्हणजे किती हो? फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. १००० किलोमीटरवरचं डेटा सेंटर जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. राउटर वगैरे धरून दुप्पट म्हणा. आता जवळचा तो चिमुकला फॉग नोड ९० टक्के भरलेला असेल, तर ८ मिलिसेकंदांचं काम एम/एम/१ च्या (कामं कधीही येतात आणि खिडकी एकच, असं धरणाऱ्या रांगेच्या सूत्राच्या) हिशोबाने सरासरी ८० मिलिसेकंदांनी बाहेर पडतं. प्रवासात वाचवलं, रांगेत घालवलं. शेड्युलरला, म्हणजे कोणतं काम कुठे चालवायचं ते ठरवणाऱ्या प्रोग्रामला, नुसतं अंतर दाखवून काय होणार?

धुकेप्रेमी
तो ‘एक’ मीच, नाव घ्या की. एम/एम/१ मध्ये कामं कशीही येतात; आमचा कॅमेरा ठोक्यावर फ्रेम देतो. पुस्तकातलं सूत्र कुठेही चिकटवू नका. आणि डेडलाइन सरासरीवर पाळली जात नाही. पट्ट्यावरचा सदोष नग ओळखून ढकलायला आम्हाला ६० मिलिसेकंद मिळतात. एकदा क्लाउडची लिंक अर्धा मिनिट गेली आणि खराब माल सरळ खोक्यात. शिव्या मी खाल्ल्या, तुमच्या सूत्राने नाही.

रांगेतला
लिंकचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण एक कॅमेरा ठोक्यावर येतो. चाळीस कॅमेऱ्यांचे ठोके एकदम पडले की?

जुना_खोड
फुकट भांडताय. १९७३ मध्येच लिऊ आणि लेलँडनी दाखवलंय: एका प्रोसेसरवर, ठरावीक काळाने येणारी कामं, जवळची डेडलाइन आधी (यालाच ईडीएफ म्हणतात). भार १०० टक्क्यांच्या आत असेल तर एकही चुकत नाही.

रांगेतला
आणि भार त्यापुढे गेला की? ईडीएफ बुडत्याला काढायला धावतं, त्यात मागचे धडधाकटही बुडतात. दारातच ‘जागा नाही’ म्हणायची सोय हवी, ती कोणी बांधत नाही.

कोटा_पीडित
अवांतर, पण खरं दुखणं हेच. आधी कंटेनरची (प्रोग्राम ज्या बंदिस्त डब्यात चालतो त्याची) सीपीयू लिमिट, म्हणजे प्रोसेसर वापरायची कमाल मर्यादा, काढा! कोटा १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजतात. २ कोअरची (प्रोसेसरच्या गाभ्यांची) लिमिट, ८ थ्रेड (समांतर चालणारी कामं) एकदम: २०० मिलिसेकंदांचा कोटा २५ मध्ये फस्त, उरलेले ७५ हातावर हात. मी तीन आठवडे नेटवर्कला दोष देत होते. स्विचसुद्धा बदलायला लावला!

जुना_खोड
लिमिट काढली की शेजारचा रिपोर्टचा जॉब अख्खा नोड गिळतो. पाहिलंय.

कोटा_पीडित
लिमिट काढा म्हटलं, रिक्वेस्ट (मागून ठेवलेला राखीव वाटा) नाही. ताण आला की वाटणी रिक्वेस्टच्या प्रमाणात होते. वाचून लिहीत जा.

जुना_खोड
वाटणी सीपीयूची हो ताई. कॅश (प्रोसेसरजवळची झटपट मेमरी) आणि मेमरी बँडविड्थ कोण वाटणार?

कोटा_पीडित
मग कोअर पिन करा, कामाला ठरावीक कोअर बांधून द्या.

जुना_खोड
कुबरनेटिसमध्ये (कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीत) स्टॅटिक पिनिंगला गॅरंटीड पॉड (कंटेनरचा गट) लागतो. म्हणजे रिक्वेस्ट आणि लिमिट सारखी. म्हणजे लिमिट लावायचीच. आलात ना फिरून?

कोटा_पीडित
पूर्ण कोअर देणार असाल तर लावा. अर्धवट तुकडे देऊन लावणाऱ्यांबद्दल बोलतेय मी. तुमची जीत झाली असं वाटत असेल तर पेढे वाटा.

धुकेप्रेमी
भांडण चालू द्या. मी आमचा नोड पाहून आलो. लिमिट १ कोअर, थ्रेड ४, थ्रॉटलची (कोटा संपला म्हणून थांबवल्याची) मोजणी डोळ्यांदेखत वाढतेय. रांगेतले, खूश होऊ नका. क्लाउडवर तरीही नेणार नाही.