मदत हवी आहे: सांगली–नृसिंहवाडी–खिद्रापूर रोडबाईकने (अरुंद टायरच्या सायकलने), परतीचा रस्ता कोणता घ्यावा?

जानेवारीत पहाटे निघून खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरापर्यंत जायचा बेत आहे. जातानाचा मार्ग ठरलाय: अंकलीचा कृष्णा पूल, जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी, पंचगंगा ओलांडून कुरुंदवाड, मग अकिवाट, राजापूर, खिद्रापूर. जाऊन-येऊन ८० किमीच्या पुढे, चढ जवळजवळ नाहीच. नदीकाठचा इतका सपाट, हिरवा रस्ता या भागात दुसरा नाही.

अडचण उसाच्या हंगामाची. ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली काळी माती डांबरावर येते. दव पडलं की ती चिकट होते आणि रिम ब्रेकच्या कॅलिपरखाली (चाकाची कड दाबणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याखाली) अडकून चाकच धरते. कडेला बाभळीचे काटे असतात ते वेगळेच. शिवाय दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळणावर मागची ट्रॉली आत घेतो, त्यामुळे तिथे ओव्हरटेक नकोच.

सायकलला सध्या २५ मिमी टायर आहेत, ट्यूबवाले. वजन ७० किलो. २८ मिमी टाकून हवेचा दाब पुढे ७०, मागे ७५ पीएसआय ठेवायचा विचार आहे. पण कॅलिपरखाली जेमतेम ४ मिमी जागा उरेल. चिखलात एवढी पुरते का, की २५ वरच राहून ट्यूबमध्ये सीलंट (पंक्चर आपोआप बुजवणारं द्रव) भरावं?

आणि मुख्य प्रश्न: परतताना शिरोळहून अर्जुनवाड–मिरज मार्गे आलं तर ऊसवाहतूक कमी लागते का? सध्या डांबर कसं आहे? अलीकडे कुणी गेलं असेल तर खड्ड्यांच्या जागांसकट सांगा.