मदत हवी आहे: नाडी आहे, श्वास आहे, पण पेशंट अचानक उठेनासा झाला. सुरुवात कुठून?

नमस्कार. इंटर्न आहे, लवकरच मेडिसिन वॉर्डात नाइट ड्यूटी सुरू होतेय. नाडी नसेल किंवा पेशंट नुसतेच आचके देत असेल तर गोंधळ नाही. मदतीला हाक, लगेच सीपीआर (छाती दाबणं), डिफिब (हृदयाला शॉक देणारं यंत्र), एवढं पाठ आहे. अडतं ते पुढे. नाडी लागतेय, छाती हलतेय, बीपी ठीक आहे, पण हाका मारून, खांदे हलवून, भुवईवर जोरात दाबूनही पेशंट डोळे उघडत नाही. अशा वेळी वॉर्डात पहिला शब्द ऐकू येतो तो ‘सीटी’, म्हणजे मेंदूचा स्कॅन.

मी मनात लावलेला क्रम: हाक मारून माणसं जमवणं, हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा, लागलं तर सक्शन, ऑक्सिजन, मॉनिटर. लगेच बोटातून शुगर. मग जीसीएस (शुद्धीचे ३ ते १५ गुण), डोळ्यांच्या बाहुल्या, दोन्हीकडचे हातपाय सारखे हलतात का. त्यानंतर ड्रग चार्ट, आणि सीटी सगळ्यात शेवटी. बरोबर आहे का?

अजून दोन शंका. ऑक्सिजनवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९८ टक्के आहे म्हणजे श्वास पुरेसा आहे असं धरायचं का? आणि ‘जीसीएस आठ की ट्यूब’, म्हणजे गुण आठ किंवा कमी झाले की श्वासनलिकेत नळी, हे सगळ्यांनाच लागू का?

प्रतिसाद (मेडिसिन रेसिडेंट):
क्रम चांगला आहे. शुगर ७० च्या खाली आली तर २५ टक्के डेक्सट्रोज १०० मिली शिरेतून, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर. ग्लिमेपिराइड (डायबेटिसची गोळी) चालू असेल आणि किडनी खराब असेल तर पेशंट उठून बोलला तरी सोडू नका, शुगर परत पडते. डेक्सट्रोजचं ड्रिप लावा, तासातासाला तपासा.

९८ वर अजिबात विसंबू नका. ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन छान दिसतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. श्वास स्वतः मोजा. (चार्टवर सगळ्या वॉर्डाचा श्वास वीसच असतो, हे तुम्हाला कळेलच!) श्वास मिनिटाला ८ आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर चार्टवर मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल (अफूसारखी वेदनाशामकं) शोधा. आधी अँबू बॅगने (हाताने दाबायच्या श्वासाच्या पिशवीने) श्वास द्या, मग नॅलॉक्सोन (या औषधांवरचा उतारा) शिरेतून थोडं थोडं, ०.०४ ते ०.१ मिग्रॅ. श्वास सुधारला की थांबा, पूर्ण जागं करायला जाऊ नका. त्याचा असर मॉर्फिनआधी ओसरतो, त्यामुळे पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. नॅलॉक्सोनने काहीच फरक नाही पडला तर पॉन्समधला (मेंदूच्या खोडाच्या एका भागातला) रक्तस्रावही अशाच बाहुल्या दाखवतो. तिथे सीटी हवाच.

आठचा नियम मुळात डोक्याच्या दुखापतीतला. फिट येऊन गेलेला किंवा शुगर पडलेला पेशंट थोड्या वेळात वर येतो, त्याला घाईने ट्यूब कशाला? पण घोरतोय, उलटी झालीय, खोकला येत नाही आणि सुधारायची चिन्हं नाहीत, तर भूलतज्ज्ञांना सीटीच्या आधी बोलवा.

प्रतिसाद (वॉर्ड सिस्टर):
नीट बोलताना शेवटचं कोणी पाहिलं, हे नातेवाइकांना आणि आधीच्या शिफ्टला लगेच विचारा आणि वेळ लिहून ठेवा. एक बाजू लुळी किंवा नजर एकीकडे ओढलेली असेल आणि शुगर ठीक असेल तर सीटी शेवटी नाही, ताबडतोब. रक्ताची गाठ विरघळवायच्या औषधाचे साडेचार तास त्या वेळेपासून धरतात, तुम्ही पोचल्यापासून नाही. पापणी किंवा ओठाचा कोपरा बारीक उडतोय का तेही पाहा, फिट आतल्या आत चालू असू शकते. आणि सीटीला निघताना अँबू बॅग सोबत, सिलिंडरचा काटा आधी बघून.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार. शुगर पडलीय आणि शीरच सापडत नाही, तर?

प्रतिसाद (मेडिसिन रेसिडेंट):
ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं इंजेक्शन) १ मिग्रॅ मांडीत, स्नायूत. उपाशी किंवा लिव्हर खराब असलेल्यात फारसा चालत नाही, म्हणून शीर शोधणं थांबवू नका, नाहीतर हाडातून लाइन घ्या. बेशुद्ध पेशंटच्या तोंडात साखर-पाणी मात्र कुणालाही घालू देऊ नका.