गाळ बसतो, जमीनही बसते

अनुवादिका: समुद्राचा जुना बांध मुद्दाम फोडायचा, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि खारट दलदल पुन्हा जिवंत करायची, अशा प्रयोगांवरचा लेख मराठीत आणते आहे. इंग्लंडमध्ये टोल्सबरीला १९९५ साली असा बांध फोडला होता. मूळ शब्द आहे ‘ॲक्रिशन’. मी लिहिलं, ‘गाळ बसून जमिनीची पातळी वाढते’. पुढच्याच परिच्छेदात आलं, ‘जमीन बसल्याने पातळी घटते’. संपादकांनी दोन्ही ‘बसणे’ खोडून पहिल्या जागी ‘अवसादन’ घातलं. मला ते पटत नाही, पण वाचक अडखळेल हेही खरं. काय करावं?

शब्दसखा: अवसादन अजिबात नको. अवसाद म्हटलं की मराठी माणसाला खिन्नता आठवते. शाळेत आपण ‘गाळाचा खडक’ शिकलो आणि कुणाचं काही अडलं नाही.

जुनी पोथी: अव + सद्. सद् म्हणजे बसणेच! मन खचणं आणि कण तळाशी जाणं, दोन्ही एकाच धातूतून आलं. तुमच्या संपादकांनी तुमचंच क्रियापद संस्कृतात परत दिलंय. शिवाय आलेखाच्या अक्षावर ‘गाळ बसण्याचा दर’ लिहिण्यापेक्षा ‘अवसादन दर’ सुटसुटीत आहे. संस्कृत दिसलं की लगेच झटकू नये.

पाणथळ: मी अशी मोजणी केली आहे, म्हणून सांगतो, अवसादन आणि ॲक्रिशन एक नाही. कण पाण्यातून खाली आले, ते अवसादन. त्यातले ओहोटीने उचलून नेलेले वजा करा, मुळांची नि कुजक्या पाल्याची भर मिळवा, मग उरतो तो थर. त्यासाठी जमिनीवर फेल्डस्पार या खनिजाची पांढरी भुकटी पसरतात. काही महिन्यांनी तिथला तुकडा कापून पाहिला की पांढऱ्या रेघेवर किती थर आला ते दिसतं. पण खोल ठोकलेल्या दांड्यापासून पृष्ठभागाची उंची मोजली तर वाढ बरेचदा कमी भरते, कारण खालची माती दबलेली असते. वर १० मिलिमीटर आले आणि खाली ३ दबले, तर जमीन ७च उंचावली. आम्ही आपसांत ‘चढ’ आणि ‘दब’ म्हणायचो.

अनुवादिका: ‘थर चढतो, जमीन दबते’. हे तर वाचताक्षणी कळतं!

शब्दसखा: थर चढतो हे ठीक, पण गाळ साचतो. चढतं ते पाणी.

पाणथळ: साचतं ते थांबलेल्या पाण्यात. इथे पाणी येतं आणि जातं. गवताची देठं त्याचा वेग मोडतात, मिठामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून जड होतात आणि खाली येतात. जमीन उंचावत गेली की भरती तिथे कमी वेळा पोचते, मग थराची वाढही मंदावते. ‘साचणे’ म्हटलं की हे सगळं निसटतं.

जुनी पोथी: मग ‘मळई’ घ्या ना. ‘मळईची जमीन’, म्हणजे गाळाने बनलेली जमीन, हा महसुली शब्द तयारच आहे.

शब्दसखा: मळई नदीकाठची. खाऱ्या पाण्याला कशी लावणार?

मृद्गंध: त्याआधी ‘खारट दलदल’ तरी ठरवा. मी एकदा ‘खारभूमीची पुनर्स्थापना’ लिहिलं, तर एका जाणत्या वाचकाने विचारलं, ‘बांध कुठे घालणार?’ बरोबरच होतं त्यांचं. बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलेली, ती खारभूमी. इथे नेमका बांध फोडायचाय. ‘खाजण’ म्हणा.

शब्दसखा: गोव्यातलं खाजनही बांध घालून पिकवलेलंच असतं.

मृद्गंध: मराठीत मात्र खाजण म्हणजे खाडीलगतची भरतीच्या पाण्यातली जमीन. शेजारी शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात म्हणून आपण सोडायचा का?

जुनी पोथी: खाजण म्हटलं की डोळ्यांपुढे खारफुटी येते. टोल्सबरीला नुसतं गवत नि झुडपं.

अनुवादिका: पाणथळ, दलदलीत पाणी ज्या फाटे फुटलेल्या वाटांनी फिरतं, त्यांना काय म्हणायचात? पुढचं पान त्यांच्यावरच आहे.

पाणथळ: ओहळ. पण ओहळ एकाच दिशेने वाहतो. इथे भरतीला पाणी त्याच वाटेने आत शिरतं आणि ओहोटीला त्याच वाटेने बाहेर पडतं. त्याला शब्द आम्हालाही सापडला नव्हता.