गुरू-त्रिज्येतून खगोलीय एककात: गुणक कुठला घ्यायचा?

१ खगोलीय एकक (ख.ए., म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर) म्हणजे किती गुरू-त्रिज्या, या प्रश्नावर दोघांनी २०९२ आणि २१४० अशी दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. आकडेमोड दोघांचीही बरोबर आहे, फरक त्रिज्येत आहे. पहिल्यात विषुववृत्तीय त्रिज्या (७१,४९२ किमी) घेतली आहे, दुसऱ्यात सरासरी (६९,९११ किमी). गुरू जोरात फिरतो, त्यामुळे ध्रुवांकडे चांगलाच चपटा आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने २०१५ मध्ये ठरवलेलं रूपांतराचं मूल्य ७१,४९२ किमी. बाह्यग्रहांसाठी (सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांसाठी) तेच घ्या.

२०१२ पासून १ ख.ए. = १४,९५,९७,८७०.७ किमी, नेमके. त्याला ७१,४९२ ने भागलं की २०९२.५. पृथ्वी-त्रिज्येसाठी (६,३७८.१ किमी) हा भागाकार २३,४५५ येतो.

एचडी २०९४५८ बी हा बाह्यग्रह घ्या: कक्षा सुमारे ०.०४७ ख.ए., ग्रहाची त्रिज्या सुमारे १.३८ गुरू-त्रिज्या. ०.०४७ × २०९२.५ = ९८.३ गुरू-त्रिज्या, त्याला १.३८ ने भागलं की ७१, म्हणजे ग्रह ताऱ्यापासून स्वतःच्या ७१ त्रिज्यांवर आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे त्रिज्येऐवजी व्यास धरणं. मग उत्तर थेट निम्मं येतं, आणि ३६ हा आकडाही पटण्यासारखा दिसतो, म्हणून चूक लक्षातच येत नाही. स्प्रेडशीटमध्ये स्तंभाच्या मथळ्यातच ‘त्रिज्या, विषुववृत्तीय’ लिहून ठेवा.