पाऊस पडला म्हणून ग्रंज झालं?
कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या सिएटलला धो धो पाऊस, म्हणून पोरं बेसमेंटमध्ये बसून गिटार बडवत राहिली आणि ग्रंज, म्हणजे ते खरखरीत आवाजाचं रॉक संगीत, जन्माला आलं. अर्धंच पटलं. धो धो वगैरे काही नाही हो, तिथे वर्षाला हजार मिमीच्या आतबाहेर पडतो, न्यूयॉर्कला त्याहून जास्त आणि मुंबईत तर दुपटीच्या वर. फक्त तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत नुसता भुरभुरत राहतो, आभाळ राखाडी, डिसेंबरात साडेचारलाच अंधार, डोकं उठतं.

ग्रंजवाल्या निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन, त्याचं तिकडचंच अ‍ॅबरडीन मात्र खरंच भिजकं, लाकूडतोडीवर जगलेलं आणि नंतर कामं गेलेलं गाव. ग्रंजवाल्यांचा तो चौकड्यांचा फ्लॅनेल शर्ट तिथे स्वस्त नि उबदार म्हणून घालायचे, रॅम्पवर फॅशन डिझायनर मार्क जेकब्सने चढवला १९९२ ला.

मला तर पावसापेक्षा खिसा रिकामा असणं मोठं कारण वाटतं. निर्वाणाचा 'ब्लीच' अल्बम (१९८९) सहाशे डॉलरच्या आसपास रेकॉर्ड झालाय, ऐका, कळतं.

आणि ग्रंजची लेगसी म्हणून सगळे जे सांगतात, शांत कडवं मग एकदम आरडाओरडा, ते कर्टने पिक्सीज या बँडकडून उचललं, स्वतःच कबूल केलंय. पिक्सीज बोस्टनचे. आता तिथला पाऊस मोजा!