चौतिसाव्या वर्षी ग्रॅज्युएट एन्ट्री मेडिसिन: यूकॅट, गॅमसॅट की दोन्ही?

निळीशाई:
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये नऊ वर्षं झाली, आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) आहे. भारतात बीएस्सी, इथे मास्टर्स, सध्या हॉस्पिटलच्या ब्लड सायन्सेस लॅबमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट. रात्रपाळीत कुणाच्या रक्तात पोटॅशियम ७.१, म्हणजे धोकादायक जास्त, आलं की मी वॉर्डला फोन करते. फोन ठेवला की त्या माणसाचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. दोन वर्षं हेच डोक्यात घोळतंय. चार वर्षांच्या ग्रॅज्युएट एन्ट्रीला, म्हणजे पदवीधरांसाठीच्या डॉक्टरकीच्या कोर्सला, अर्ज करायचं जवळजवळ ठरलंय. वय ३४, मुलगी सहा वर्षांची.

यूकॅट की गॅमसॅट, प्रवेशपरीक्षा कुठली द्यावी? नवरा म्हणतो, नेहमीच्या पाच वर्षांच्या कोर्सलाही अर्ज टाक, तिथे जागा जास्त. आणि लॅबचा अनुभव धरतात का?

जुनाखोड:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चार वर्षं कोर्स, दोन वर्षं फाउंडेशन (पदवीनंतरची हॉस्पिटलमधली उमेदवारी), जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर व्हायचं तरी पुढे तीन. म्हणजे त्रेचाळीस, तेही सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर. स्पेशालिटीच्या जागांसाठी आता केवढी चढाओढ आहे ते कुठल्याही रेसिडेंट डॉक्टरला विचारा. नोकरी चांगली आहे, हातची सोडू नका.

रातपाळी:
जुनाखोड, त्रेचाळिसावं वर्ष तिला तसंही लागणारच आहे हो.

निळीशाई, मी सध्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रवेश मिळाला तेव्हा ३३ची होते. आधी तुझ्या नवऱ्याचं बघू, कारण घोडं तिथेच अडतं. एक पदवी हातात असताना पाच वर्षांच्या कोर्सला गेलीस तर पहिली चार वर्षं फीसाठी कर्ज मिळत नाही. २०२५-२६ची फी ९,५३५ पौंड. चार वर्षांचे ३८,१४० होतात, तेही आपल्या खिशातून. चार वर्षांच्या कोर्सला मात्र पहिल्या वर्षी साधारण साडेतीन हजार आपण भरायचे, उरलेल्याला स्टुडंट लोन. दुसऱ्या वर्षापासून फीचा काही भाग एनएचएस बर्सरी (सरकारी आरोग्यसेवेची शिष्यवृत्ती) भरते आणि बाकीच्याला पुन्हा लोन. त्याला हा हिशेब दाखव, मग विषय निघणार नाही.

आता परीक्षा. माझं अर्जाचं पहिलं वर्ष कसं वाया गेलं ते सांगते, म्हणजे तुझं वाचेल. मी गॅमसॅट सप्टेंबरची दिली. यूकॅसची, म्हणजे विद्यापीठांच्या अर्जाची, शेवटची तारीख १५ ऑक्टोबर आणि सप्टेंबरच्या गॅमसॅटचा निकाल नोव्हेंबरात. म्हणजे आपले गुण काय आहेत हे माहीत नसताना मेडिसिनचे चारही पर्याय भरून मोकळी झाले. चारही नकार. मार्चमध्ये दिली असती तर निकाल हातात घेऊन ठरवता आलं असतं. यूकॅटचं त्या मानाने सोपं. जुलै ते सप्टेंबर परीक्षा असते आणि गुण साधारण दिवसभरात ऑनलाइन कळतात. पण ते गुण त्याच वर्षापुरते. जुने धागे वाचत असशील तर जपून: २०२५पासून ॲब्स्ट्रॅक्ट रीझनिंग (आकृत्यांमधले नमुने ओळखण्याचा भाग) काढून टाकलंय, त्यामुळे एकूण गुण आता २७००पैकी. ‘२८०० हवेतच’ असं कुणी लिहिलेलं दिसलं तर ते जुनं ३६००चं गणित आहे.

गॅमसॅटमध्ये तिसऱ्या भागाला, म्हणजे विज्ञानाला, दुप्पट वजन. ते वाचून मी निर्धास्त होते. पण त्यातला पाचवा हिस्सा फिजिक्स, आणि ते मी बारावीनंतर उघडलं नव्हतं. खरी धूळ चाटली ती दुसऱ्या भागात. दोन निबंध, तासाभरात. चार-पाच अवतरणं समोर ठेवतात आणि त्यावर लिही म्हणतात. मी लॅब रिपोर्ट लिहावा तसा निबंध लिहिला: निरीक्षण, कारण, निष्कर्ष. स्वतःचं म्हणणं एका ओळीचंही नाही. एकूण गुण बरे आले, पण काही ठिकाणी प्रत्येक भागात किमान गुण लागतात, तिथे अडकले. दुसऱ्या वेळी तीन महिने रोज एक निबंध, घड्याळ लावून.

माझं मत विचारशील तर मार्चची गॅमसॅट आणि उन्हाळ्यात यूकॅट, दोन्ही दे. मग गुण बघून विद्यापीठं निवड. वॉरिक फक्त पदवीधरांनाच घेतं, कुठल्याही विषयाची पदवी चालते, आणि तिथे यूकॅट लागते. मी अर्ज केला तेव्हा स्वान्झीला गॅमसॅट लागायची. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीचं पान स्वतः बघ. तुझी पहिली पदवी भारतातली आहे, ती टू-वनच्या (इथल्या वरच्या द्वितीय श्रेणीच्या) बरोबरीची धरणार का हे ॲडमिशन विभागाला ईमेलवर विचार आणि उत्तर जपून ठेव. फोनवर काय, कुणीही ‘हो हो’ म्हणतं.

लॅबचा अनुभव चांगलाच, पण पेशंटसमोर उभं राहिल्याचा अनुभव वेगळा. मी हॉस्पिटलच्या ‘बँक’वर, म्हणजे लागेल तेव्हा बोलावतात त्या यादीवर, हेल्थकेअर असिस्टंटच्या शिफ्ट केल्या. एका आजोबांना स्ट्रोकनंतर घट्ट केलेला चहा चमच्याने पाजायचा होता. मी घाईत दुसरा चमचा पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. पहिला घोट अजून गिळला नव्हता. इंटरव्ह्यूमध्ये ‘तुम्ही काय शिकलात’ विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, आणि समोरची बाई पहिल्यांदा कागदावरून वर बघायला लागली.

निळीशाई:
रातपाळी, खूप आभार. फीचा हिशेब नवऱ्याला दाखवला, तो गप्प झाला. 😀 निबंधाचं वाचून मात्र पोटात गोळा आला, मीही तशीच लिहिते. एक राहिलं: इंटरव्ह्यूत रोलप्लेच्या स्टेशनला, म्हणजे त्या टप्प्याला, काय करतात?

रातपाळी:
अभिनय करणारी व्यक्ती रडते किंवा भडकते आणि तुला तिच्याशी बोलायचं असतं. आपण लॅबवाले लगेच समजावायला लागतो. गप्प बस थोडी. मी सरावात मैत्रिणीला घड्याळ धरायला लावलं होतं: तीस सेकंद न बोलता बसणं किती जड जातं ते कळलं.

आणि तुझ्या ७.१चं सांगू? वॉर्डवर फोन घेणारा पहिल्यांदा म्हणतो, ‘हीमोलाइज्ड असेल’, म्हणजे नमुन्यातल्या रक्तपेशी फुटून आकडा खोटाच वाढला असेल. तू ‘नाही’ म्हणालीस की ईसीजीचं मशीन ढकलत आणतात, गरज दिसली तर कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. मागच्या महिन्यात मी त्या बाजूला उभी होते. लॅबमधून कुणाचा फोन होता ते कुणीच विचारलं नाही. पेशंट दुसऱ्या दिवशी टोस्ट जळका आहे म्हणून भांडत होता.